दारातला ग्रुप, बाकावरची बॅग आणि तुमचा पास

प्रश्न : मी २३ वर्षांचा आहे. अलीकडेच दादरला नोकरी लागली. डोंबिवलीहून सकाळी आठच्या सुमाराची फास्ट पकडतो. कल्याणहून येणाऱ्या या गाडीच्या दारात सात-आठ जणांचा ग्रुप असतो. आत जागा असली तरी डोंबिवलीकरांना चढू देत नाहीत, ‘मागची पकड’ म्हणतात. मग बरेचदा मी ठाण्यापर्यंत फूटबोर्डवर लटकत जातो. आत शिरलोच तर बाकावर बॅगा ठेवून मित्रांसाठी जागा धरलेल्या असतात, आणि एक जण मोबाइलवर मोठ्या आवाजात व्हिडिओ लावून बसलेला असतो. मागच्या आठवड्यात मी बोललो, तर चौघं अंगावर आले. ‘उद्या ये, दारातूनच ढकलतो’ म्हणाले. अख्खा डबा बघत होता, कोणी तोंड उघडलं नाही. आता मी आधी डाऊन गाडीने कल्याणला जातो आणि तिथून बसून येतो. पास डोंबिवली-दादरच आहे, पण सकाळी कोण बघतं? पुढच्या वेळी त्यांचा व्हिडिओ काढून टाकावा का, की गप्प बसावं? शिवाय पुढच्या महिन्यात वडिलांना परळच्या रुग्णालयात न्यायचं आहे. त्यांचं वय ६८. त्यांना कसं न्यायचं?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : तुमच्या तक्रारी चार-पाच आहेत आणि त्या सारख्या वजनाच्या नाहीत. मोठ्याने लावलेला व्हिडिओ हा त्रास आहे. बाकावरची बॅग ही अडवणूक आहे. दारातून चढू न देणं कायद्याने गुन्हा आहे. ढकलून देण्याची धमकी त्याहून गंभीर आहे. यातल्या प्रत्येकाला उत्तर द्यायची जागा वेगळी, वेळ वेगळी आणि माणूसही वेगळा. गर्दीत चिरडून आत आल्यावर, घामाघूम अवस्थेत, सगळ्यांना एकदमच सुनावलं की चौघांना एकत्र यायला निमित्त मिळतं. मागच्या आठवड्यात तसंच झालेलं दिसतं.

पण सगळ्यात आधी फूटबोर्ड. तो उद्यापासून बंद. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ दोन लोकल एकमेकींशेजारून जात असताना दारात लटकलेले प्रवासी रुळांवर पडले आणि त्यात माणसं दगावली. तुम्ही रोज त्याच पट्ट्यातून लटकत जाता. लटकताना तुमचं अर्धं शरीर डब्याच्या बाहेर असतं आणि पाठीवरची लॅपटॉपची बॅग आणखी वीतभर बाहेर येते. वळणावर गाडी एका अंगाला झुकते, त्यामुळे शेजारच्या गाडीपासूनचं अंतर सरळ मार्गावर असतं तेवढं राहत नाही. त्यात हात घामेजलेला, पकड एका हाताची. ब्रेक लागला की आतली गर्दी एकदम सरकते आणि तो सगळा दाब दारातल्या शेवटच्या माणसावर येतो. तुमची पकड कितीही पक्की असली तरी सात-आठ जणांचं वजन ती पेलणार नाही. शिवाय रुळांच्या कडेला उभे राहून दारातल्या प्रवाशाच्या हातावर काठी मारून मोबाइल पाडणारे चोरही याच मार्गांवर असतात. रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १५६ खाली, कर्मचाऱ्याने हटकल्यावरही पायरीवर उभं राहून प्रवास केला तर ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५०० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. मला दंडाची नाही, तुमच्या जिवाची काळजी आहे.

एक खूणगाठ बांधा : गाडी हलायच्या आत दोन्ही पावलं डब्याच्या आत आणि एक हात आतल्या खांबावर किंवा कडीवर नसेल, तर मागे सरायचं. दाराच्या कडेला, पत्र्याला धरलेला हात हिशेबात धरायचा नाही. आणि निघालेल्या गाडीमागे एक पाऊलही धावायचं नाही. ऑफिसात उशीर झाला तर लेट मार्क लागेल. तो लागू द्या.

आता दारातला ग्रुप. तो तिथे का उभा असतो हे समजलं की तोड काढता येते. बहुतेक स्थानकांवर लोकल वीस-तीस सेकंद थांबते. तेवढ्यात शंभरेक माणसं उतरणार आणि तेवढीच चढणार. ज्याला घाटकोपरला किंवा कुर्ल्याला उतरायचं आहे त्याच्या मनात एकच भीती असते : आत गेलो तर वेळेवर बाहेर पडता येणार नाही. म्हणून तो कल्याणपासून दार सोडत नाही. त्याच्यासारखे आठ जण जमले की दाराजवळचा मोकळा भाग खच्चून भरतो आणि आतल्या पॅसेजमध्ये मात्र जागा रिकामी राहते. प्लॅटफॉर्मवरच्या माणसाला वाटतं गाडी फुल आहे. हवा, गप्पा, रोजचे चेहरे हे सगळं नंतर जोडलं जातं आणि हळूहळू दार त्यांच्या मालकीचं होतं. पण मूळ ती भीती. त्यामुळे ‘आत सरका’ असं ओरडून ते सरकत नाहीत. ‘मला दादर आहे, तुमच्या मागे जातो, तुमचं दार तुमच्याकडेच’ असं म्हटलं तर बरेचदा खांदा तिरका होतो, कारण आत जाणारा माणूस त्यांच्या उतरण्याच्या आड येत नाही. हे वाक्य चढताना, पाय उचलायच्या आधी, दारातल्या एका माणसाकडे बघून म्हणायचं. सगळ्यांना उद्देशून नको. ‘काका’ किंवा ‘दादा’ म्हणा. समोरचा तुमच्याच वयाचा असेल तर ‘भाऊ’ पुरे.

त्याहून सोपा उपाय म्हणजे दार बदला. असे ग्रुप एका ठरावीक गाडीच्या, ठरावीक डब्याच्या, ठरावीक दाराशी बांधलेले असतात. तीच गाडी, पण दोन डबे पुढे किंवा मागे गेलात तर बहुतेकदा वेगळीच माणसं भेटतात. दादरचा पूल ज्या डब्यांसमोर येतो ते डबे सगळ्यात आधी भरतात, कारण प्रत्येकाला उतरल्यावर जिना जवळ हवा असतो. तुम्ही दादरला दोन-तीन मिनिटं जास्त चालायची तयारी ठेवा, सकाळ बरीच हलकी होईल. कल्याण मार्गावर काही फास्ट गाड्या पंधरा डब्यांच्या आहेत. इंडिकेटरवर डब्यांची संख्या दिसते. बाराच्या सवयीने लोक नेहमीच्याच जागी उभे राहतात, त्यामुळे जास्तीच्या तीन डब्यांपाशी बहुतेकदा गर्दी कमी असते. डोंबिवलीहूनच सुटणाऱ्या गाड्यांचं वेळापत्रकही बघून ठेवा. त्यात बसायला मिळेलच असं नाही, पण आत उभं राहायला नक्की मिळतं.

दार बदलणं म्हणजे हार मानणं, असं तुम्हाला वाटेल. तसं वाटून घेऊ नका. तुमचा हक्क सोडायचा नाहीच आहे. तो कुठे आणि कसा मागायचा ते पुढे लिहिलं आहे. पण तक्रारीचा निकाल लागेपर्यंत रोज सकाळी त्याच आठ जणांसमोर उभं राहायची गरज नाही.

चढण्याचीही एक रीत असते आणि ती नव्या प्रवाशाला कोणी शिकवत नाही. प्लॅटफॉर्मवर दार येईल असं वाटतं तिथे मधोमध उभे राहू नका, बाजूला उभे राहा. मधली वाट उतरणाऱ्यांची. ती मोकळी ठेवली की उतरणारे पटकन बाहेर पडतात आणि चढायला सेकंद जास्त मिळतात. अडवली तर दोन्ही लोंढे दारातच एकमेकांना भिडतात आणि नेमकं तिथेच भांडण पेटतं. बॅग पाठीवरून काढून पोटाशी घ्या. पाठीवरच्या बॅगेचा धक्का मागच्याच्या छातीला बसतो आणि तुम्हाला कळतही नाही. डब्यातली निम्मी बाचाबाची यातूनच सुरू होते. आत आलात की दाराशी रेंगाळू नका, सरळ पॅसेजमध्ये जा.

उतरायचं कसं, ही तुमचीही भीती असणार. घाटकोपर गेलं की हालचाल सुरू करा, कारण कुर्ला आलं की पुढचं दादर. पुढच्या माणसाला विचारायचं, ‘दादर?’ तो ‘हो’ म्हणाला तर त्याच्या मागे उभे राहा, त्याला ओलांडू नका. ‘नाही, भायखळा’ म्हणाला तर ‘मग जागा बदलू या’ म्हणा. याला कोणी नाही म्हणत नाही, कारण त्यालाही मागच्यांचा धक्का चुकवायचाच असतो. प्लॅटफॉर्म कुठल्या बाजूला येतो ते आधी विचारून घ्या. चुकीच्या दाराशी उभा राहिलेला माणूस शेवटच्या दहा सेकंदांत गर्दी कापत निघतो आणि सगळ्यांच्या शिव्या खातो. एवढं करूनही दादर चुकलंच तर सुटलेल्या गाडीतून उडी मारायची नाही. पुढे उतरून परत यायचं.

आता हक्काची गोष्ट. रेल्वे कायद्याच्या कलम १५५ च्या पोटकलम २ नुसार, जो डबा आपल्यासाठी राखीव नाही त्यात दुसऱ्या प्रवाशाला कायदेशीरपणे चढण्यापासून अडवणाऱ्याला २०० रुपयांपर्यंत दंड आहे. रक्कम छोटी आहे, पण त्याचा उपयोग मोठा. दार अडवणं हा ‘आपसातला वाद’ नसून गुन्हा आहे, असं तुम्ही आरपीएफला, म्हणजे रेल्वे सुरक्षा दलाला, नेमक्या कलमानिशी सांगू शकता. त्यात शिवीगाळ किंवा धिंगाणा असेल तर कलम १४५ लागतं. त्यात डब्यातून उतरवणं, पास जप्त करणं, ६ महिन्यांपर्यंत कैद आणि ५०० रुपयांपर्यंत दंड अशी तरतूद आहे.

कोणाकडे जायचं यात बरेच जण गोंधळतात. रेल्वे कायद्याखालचे बरेचसे गुन्हे, म्हणजे दार अडवणं, फूटबोर्ड, राखीव डब्यात घुसणं, विनाकारण साखळी ओढणं, आरपीएफ हाताळते. मारहाण, धमकी, चोरी, छेडछाड हे लोहमार्ग पोलिसांचं, म्हणजे जीआरपीचं काम. चुकीच्या खिडकीवर गेलात तर ‘तिकडे जा’ ऐकायला लागतं आणि बरेच जण तिथेच कंटाळून तक्रार सोडतात. फोनवर दोन आकडे पाठ करा : १३९ ही रेल्वेची हेल्पलाइन, त्यात सुरक्षेसाठी १ दाबायचा, आणि १५१२ लोहमार्ग पोलिसांची. रेलमदद अ‍ॅपवरही तक्रार करता येते. त्यासाठी तिकिटाचा किंवा पासचा क्रमांक हाताशी ठेवा.

तक्रार निष्फळ ठरते ती बहुतेकदा मोघमपणामुळे. ‘सकाळच्या फास्टमध्ये गुंडगिरी चालते’ यावर कोणी काही करू शकत नाही. दिवसाला शेकडो गाड्या धावतात, कोणत्या गाडीत जवान चढवायचे? तक्रारीत लागतं ते असं : गाडी कुठून कुठे, डोंबिवलीची तिची नेमकी वेळ, फास्ट की स्लो, सीएसएमटीच्या बाजूने कितवा डबा, डब्यावर रंगवलेला क्रमांक, कितवं दार आणि कुठल्या बाजूचं, काय घडलं, कोणत्या स्थानकापासून कोणत्या स्थानकापर्यंत घडलं, आणि किती दिवसांपासून. नमुना देतो :

‘अमुक तारीख, सोमवार. कल्याण-सीएसएमटी फास्ट, डोंबिवली प्लॅटफॉर्मवर सकाळी ८ वाजून अमुक मिनिटांनी. सीएसएमटीच्या बाजूने पाचवा डबा, सेकंड क्लास जनरल, मधलं दार, प्लॅटफॉर्मची बाजू. सात ते आठ जण डोंबिवलीच्या प्रवाशांना चढू देत नाहीत, आत पॅसेज रिकामा असतो. मागील तीन आठवडे सोमवार ते शुक्रवार हाच प्रकार. कलम १५५(२) नुसार कारवाई व्हावी. या गाडीत डोंबिवलीहून जवान चढवून पाहणी करावी.’

शेवटचं वाक्य मुद्दाम घातलं आहे. काय हवं ते सांगितलं की पुढच्याला काम नेमकं कळतं. साध्या वेशातले जवान डब्यात चढवून अशा ग्रुपवर कारवाई केली जाते, पण त्यासाठी गाडी आणि दार माहीत असावं लागतं. तक्रार केल्यावर मिळालेला संदर्भ क्रमांक जपून ठेवा. काहीच न होता ‘निकाली’ असा मेसेज आला तर तोच क्रमांक देऊन पुन्हा नोंदवा. आणि एकट्याने दहा तक्रारी करण्यापेक्षा, तुमच्यासारखेच प्लॅटफॉर्मवर मागे राहणारे चार जण गाठा आणि प्रत्येकाने आपापल्या नावाने एकेक करा. तेच चेहरे रोज तुमच्याशेजारी उभे असतात, त्यांना फक्त कोणीतरी विचारायला हवं. प्रवासी संघटनेचा कार्यकर्ता सापडला तर आणखी चांगलं. त्यांचं आरपीएफशी आणि विभागीय कार्यालयाशी बोलणं-चालणं असतं.

डब्यातलं कोणीच बोललं नाही, याचं तुम्हाला वाईट वाटलं. त्यांच्या मनात काही नव्हतं असं नाही. प्रत्येक जण दुसऱ्याची वाट बघत असतो. पुढच्या वेळी डब्याकडे बघून मदत मागू नका, एकाकडे मागा : ‘निळा शर्टवाले काका, तुम्हालाही आत यायचंय ना? जरा सांगा यांना.’ एक जण बोलला की दोन-तीन आपोआप बोलतात. समोरच्याला उत्तर एकाला द्यायचं आहे की पाच जणांना, यावर त्याचा सूर ठरतो.

बाकावरची बॅग. उपनगरी गाडीचा जनरल डबा अनारक्षित आहे. बॅग, रुमाल, वर्तमानपत्र टाकून पुढच्या स्थानकावर चढणाऱ्यासाठी जागा धरायचा हक्क कोणाला नाही. ‘ही जागा आमची आहे’ याला काही आधार नाही. तरीही इथे कायदा काढू नका, सरळ बसण्याची कृती करा. बाकाजवळ उभे राहा आणि बॅगवाल्याला म्हणा, ‘बॅग मांडीवर घेता का, बसतो.’ ‘ही कोणाची बॅग आहे?’ असं विचारलं की ‘माणूस आहे’ हे तयार उत्तर मिळतं. ‘घेता का’ म्हटलं की त्याला एक तर बॅग उचलावी लागते नाहीतर नाही म्हणावं लागतं, आणि तोंडावर नाही म्हणणं बहुतेकांना जड जातं. हे चढल्याबरोबर विचारायचं. मित्र येऊन बसल्यावर विचारण्यात अर्थ नाही.

सीट बोलून ठेवणं ही मात्र वेगळी गोष्ट आहे, तिच्यावर चिडू नका. ‘कुठे उतरणार?’ ‘ठाणे.’ ‘मग मी बसतो.’ हा नियम नाही, रिवाज आहे, पण रोज शेकडो डब्यांत शांतपणे चालतो, कारण ज्याने आधी विचारलं त्याचा नंबर आधी, हे सगळ्यांना पटतं. तुम्हीही विचारायला शिका. दोन बाकांच्या मधे उभा असलेला माणूस आधी, पॅसेजमधला नंतर, एवढं लक्षात ठेवा. चौथी सीट मागायची असेल तर तिघांतल्या कडेच्याला ‘थोडं सरकता का?’ म्हणायचं आणि त्याने सरकल्यावर अर्ध्या मांडीवर समाधान मानायचं. ढुंगणाने रेटत जागा करायची नाही.

मोबाइलचा आवाज. यावर आरपीएफला बोलवायची वेळ क्वचितच येते. गाडी सुटल्यावर, सगळे स्थिर झाल्यावर, जवळ जाऊन खालच्या आवाजात कारणासहित सांगा : ‘भाऊ, आवाज जरा कमी करता का, ऑफिसचा कॉल आहे’ किंवा ‘डोकं दुखतंय’. लांबून ओरडून सांगितलं की तो चारचौघांत पडल्यासारखा होतो आणि आवाज वाढवतो. दोनदा सांगून ऐकलं नाही तर सोडून द्या. कानात इयरफोन घाला, जागा बदला. प्रत्येक त्रासावर लढलात तर जिथे खरंच लढायचं आहे तिथे डबा तुमच्या बाजूने उभा राहणार नाही, कारण तोवर तुम्ही रोज कटकट करणारे ठरलेले असाल. याउलट पत्रा बडवत टाळ वाजवणं, पत्त्यांचा डाव पसरून पॅसेज अडवणं, डब्यात सिगारेट हे सगळ्यांचेच त्रास आहेत. तिथे १३९ लावा.

आता तुमचा पास. इथे स्पष्ट बोलतो. डोंबिवली-दादर पासवर कल्याणला जाऊन येणं म्हणजे डोंबिवली-कल्याण हा तुकडा दोन्ही वेळा विनातिकीट प्रवास आहे. गाडीतून खाली उतरला नाहीत तरी तसंच. उलट दिशेने जाऊन बसून येण्याला रेल्वेची हरकत नाही, पण पास तिथपर्यंतचा हवा. टीसीने पकडलं तर कलम १३८ खाली भाड्याबरोबर किमान २५० रुपये जास्तीचे भरावे लागतात. ‘सकाळी कोण बघतं’ हा हिशेब सोडा. तुम्ही ज्या ग्रुपवर चिडला आहात त्यांचाही हिशेब हाच आहे. आणि व्यवहाराची बाजू बघा : तक्रार करताना तुमच्याकडे पास मागतील. कल्याणजवळ घडलेल्या प्रसंगाची तक्रार तुम्ही डोंबिवलीच्या पासवर करणार कशी? बसूनच जायचं असेल तर कल्याण-दादर पास काढा. महिन्याचा फरक फार नाही. एसी लोकलचा विचार करत असाल तर तिचा पास वेगळा असतो, सेकंड क्लासच्या पासवर चढू नका. तिची दारं बंद झाल्याशिवाय गाडी निघत नाही, त्यामुळे लटकण्याचा प्रश्नच उरत नाही.

धमकीकडे दुर्लक्ष करू नका. ‘दारातूनच ढकलतो’ हे रागाच्या भरातलं वाक्य असेलही, पण त्याची नोंद हवी. डोंबिवलीच्या लोहमार्ग पोलीस ठाण्यात जाऊन तारीख, वेळ, गाडी, माणसांचं वर्णन आणि नेमके शब्द सांगा. नुसत्या धमकीची बहुतेक वेळा अदखलपात्र नोंद होते, तिला एनसी म्हणतात. तिची प्रत मागून घ्या. पोलीस लगेच कोणाला पकडणार नाहीत, पण पुन्हा काही घडलं तर ‘हे पहिल्यांदा नाही’ हे कागदावर असेल. प्रत्यक्ष धक्काबुक्की झाली तर पुढच्या स्थानकावर उतरा आणि तिथल्याच लोहमार्ग पोलिसांकडे जा. हद्द दुसऱ्या ठाण्याची असली तरी दखलपात्र गुन्ह्याची तक्रार कोणत्याही पोलीस ठाण्यात द्यायची सोय आहे, ती झिरो एफआयआर. मार लागला असेल तर आधी सरकारी रुग्णालयात नोंद करून घ्या.

साखळी कधी ओढायची हेही यात येतं. कोणी पडलं, दारात अडकलं, गाडीखाली जाण्याचा धोका आहे, तर क्षणाचाही विचार नको. बाचाबाची झाली, स्थानक चुकलं, मित्र राहिला यासाठी नाही. कलम १४१ मध्ये १ वर्षापर्यंत कैद किंवा १००० रुपयांपर्यंत दंड आहे, आणि मागच्या गाड्याही खोळंबतात. डब्यात कोणाला चक्कर आली किंवा छातीत दुखलं तर दोन स्थानकांच्या मधे गाडी थांबवून मदत उलट लांबते. १३९ लावा, पुढचं स्थानक येऊ द्या, तिथे स्ट्रेचर आणि माणसं मिळतात.

व्हिडिओ काढून टाकू नका. गर्दीत चेहऱ्यासमोर मोबाइल धरला की पहिला हल्ला मोबाइलवर होतो, आणि तुम्ही दाराजवळ असाल तर तो रुळांवर जातो. समाजमाध्यमावर टाकलेल्या व्हिडिओने तुमचाही चेहरा, गाडी आणि वेळ त्या आठ जणांना कळते. शिवाय त्यात नुसताच उभा असलेला एखादा बिचारा माणूस ‘गुंड’ म्हणून फिरत राहतो. मारहाण चालू असेल आणि तुम्ही सुरक्षित अंतरावर असाल तर जरूर काढा, पण तो पोलिसांना द्या. दार अडवण्याचा पुरावा हवा असेल तर प्लॅटफॉर्मवर उभं राहून, गाडी थांबलेली असताना, दाराचा आणि आतल्या रिकाम्या पॅसेजचा एक फोटो पुरतो. चेहऱ्यांवर झूम करायची गरज नाही.

वडिलांचं. सकाळी आठच्या गाडीने अजिबात नेऊ नका. रुग्णालयाची वेळ दुपारची मिळते का ते आधी विचारा आणि अकरानंतर निघा. परळला फास्ट थांबत नाही. फास्टने दादरला उतरून स्लो पकडायची म्हणजे पूल चढणं आणि पुन्हा गर्दीत चढणं आलं. त्यापेक्षा डोंबिवलीहून थेट स्लो घ्या. वेळ जास्त लागेल, पण गाडी बदलावी लागणार नाही. सेकंड क्लासमध्ये ज्येष्ठ नागरिकांसाठी राखीव बाक असतात, बाहेर तशी पाटी असते, प्लॅटफॉर्मवर तिथेच उभे राहा. तिथे तरुण बसलेला दिसला तर वडिलांना बोलायला लावू नका, तुम्ही बोला : ‘दादा, ही ज्येष्ठांची सीट आहे, वडील ६८ चे आहेत, बसू द्या.’ वय सांगा, ‘म्हातारे आहेत’ म्हणू नका, वडिलांना ते बोचतं. वडिलांच्या खिशात आधार कार्डाची झेरॉक्स ठेवा. चढताना ते पुढे, तुम्ही मागे. उतरताना तुम्ही आधी प्लॅटफॉर्मवर, मग हात देऊन ते. परळच्या दोन स्थानकं आधीपासून दाराकडे सरका आणि त्यांच्या पुढे उभे राहा, म्हणजे चढणाऱ्यांचा धक्का तुमच्यावर येईल. परतीला चारच्या आत निघा, पाचनंतर डाऊनची गर्दी सुरू होते. २०१९ पासून काही गाड्या परळहूनच सुटतात. वेळापत्रकात तुमच्या वेळेची बघून ठेवा आणि सुटायच्या पंधरा मिनिटं आधी प्लॅटफॉर्मवर पोहोचा, म्हणजे वडिलांना चढायला उसंत मिळेल आणि बसायला जागाही.